फणसाचा गज

जेद्दा, शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०२५

पांडूदादा,

नमस्कार लिहावा की सलाम, यातच पहिली ओळ अडून बसली. कारखान्यात रोज सकाळी तुम्ही मला 'सलाम' म्हणायचात आणि मी तुम्हाला 'राम राम', म्हणजे दोघंही दुसऱ्याचंच बोलायचो. तेव्हा आजही राम राम. मी नदीम. तुमच्या हाताखाली पाच वर्षं सुतारकाम शिकलेला आणि गेली चौदा वर्षं तोंड लपवून बसलेला.

फोन करता आला असता. तुमचा नंबर जुनैदकडे आहे, तो तुमच्या शेजारच्याच वाडीतला. पण तुम्ही 'कोण?' असं विचारलंत तर मी फोन ठेवून देईन, मी मला ओळखतो. जुनैद डिसेंबरात रजेवर गावी निघालाय. तोवर जमेल तसं लिहीन आणि सगळं त्याच्या हाती देईन.

आधी आनंदाची गोष्ट. माझी अफशाँ आता एकोणीस वर्षांची झाली. इथल्याच कॉलेजात घरांच्या आतल्या सजावटीचं शिकते. तिच्या वर्गातल्या चौदा मुली पुढच्या आठवड्यात इटलीला चालल्यात, फ्लॉरेन्स नावाच्या शहरात, जुनी देवळं, चित्रं, पुतळे बघायला. चाळीस मुलींतून चौदा निवडल्या, त्या एका चित्रावरून. विषय होता जेद्दाच्या जुन्या वस्तीतली, बलदची घरं. बाकीच्या मुलींनी गल्लीत उभं राहून दिसतात तशी घरं काढली. अफशाँने रोशान काढलं, पण खोलीच्या आतून. तुम्हाला रोशान म्हणजे काय ते मी काय सांगणार, तरी लिहिताना हसू आलं, कारण माझी बायको जुबेदा भिंतीबाहेर आलेल्या त्या नक्षीदार लाकडी खिडक्यांना अजून 'टांगलेली कपाटं' म्हणते. तर पोरीने त्या कपाटाची पाठ काढली. कुठला तुकडा कुठे अडकलाय, वजन कोण पेलतंय, सगळं. त्यांच्या अस्मा मॅडम म्हणाल्या की मागची बाजू बघायचं आजवर एकाही मुलीला सुचलं नव्हतं.

ते चित्र तिने तुमच्या पाटावर ठेवून काढलं. आठवतो का? जाताना तुम्ही चौकीदाराकडे ठेवून गेलात तो, सागाच्या उरलेल्या तुकड्यांचा उतरता पाट, पोरीने मांडीवर ठेवून लिहावं म्हणून केलेला. 'नदीमची पोर येणार आहे, तिला दे,' एवढंच सांगून गेलात. पोर तेव्हा पाच वर्षांची होती आणि तुम्ही तिला पाहिलंही नव्हतंत. त्या पाटावर ती अक्षरं शिकली, गणितं शिकली, आता त्याच पाटाच्या जोरावर इटलीला चाललीये. त्याबद्दल तुमचे आभार मानायचे राहिले होते. चौदा वर्षं उशीर झाला.

दुसरी गोष्ट आनंदाची नाही. मी आता बलदच्या जुन्या घरांच्या दुरुस्तीवर फोरमन आहे, आणि आमच्या टोळीला पुढचं घर मिळालंय ते खजूरवाल्याच्या गल्लीतलं. तेच. जिथल्या रोशानाची जाळी भर दुपारी खाली आली, खजूरवाल्याची गाडी मोडली, आणि आपल्या मालकाने, त्या कफीलने, तुम्हाला आठवड्याभरात फायनल एक्झिटचा शिक्का मारून कायमचं घरी धाडलं. त्या घराच्या मालकाच्या नातवाने जुनी फाईल आणून दिली. आमच्या इंजिनीयर तस्नीम ती चाळत होत्या. त्यांनी मला विचारलं, "हे पांडू कोण? यांच्या कच्च्या कामामुळे जाळी पडली असं लिहिलंय."

मी म्हणालो, "होते एक."

त्या घराबद्दल मला तुम्हाला काही सांगायचं आहे. ते सांगायलाच लिहायला बसलो होतो. पण आज शुक्रवार आहे, जुबेदाने तांदळाच्या भाकऱ्या केल्यात, आणि मला धीर होत नाहीये.

आनंदीवहिनींना सलाम सांगा.

नदीम


शनिवार, २२ नोव्हेंबर

पांडूदादा,

पोर काल पोहोचली.

निघायच्या आधी आठ दिवस घरात लग्नघर होतं. जुबेदाने बॅगेत काय काय कोंबलं ते विचारू नका. खाजा, चिवडा, लोणचं, आणि सगळ्यात खाली सुक्या जवळ्याच्या चटणीची बाटली. मी म्हटलं, अगं तिथे चौघी एका खोलीत राहणार, त्या वासाने बेशुद्ध पडतील. ती म्हणाली, 'इटलीत हलाल कुठे शोधेल माझी पोर?' तिच्यापुढे माझं काही चालत नाही हे तुम्हाला माहीत नाही, कारण ती यायच्या आधीच तुम्ही गेलात. आता सांगून ठेवतो.

पोरीला निरोप देताना मी विमानतळावर एकच गोष्ट सांगितली. म्हटलं, सगळ्या जणी पुढून बघतील, तू मागून बघ. कारागीर खरा की खोटा ते मागची बाजू सांगते. ती हसून म्हणाली, 'अब्बा, यू आणि युवर मागची बाजू.' आमच्याकडे असंच बोलतात, निम्मं इंग्रजी आणि राहिलेल्यात हिंदी. मराठी तिला कळतं, पण बोलायला लागली की पाहुण्यांसारखी बोलते.

हे वाक्य कोणाचं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. हातातल्या फणसाच्या गजाने माझ्या बोटांवर टकटक करत तुम्ही म्हणायचात, "नदीम्या, मागनं पण रंधा मार. तिथं कोण बघत नाय, म्हणून तर मारायचा." तुमच्या वडिलांचा तो मापाचा गज, दोन फुटांचा, पिवळाधमक, घामाने गुळगुळीत झालेला. इथे टेप आले, लेझरने माप घ्यायची यंत्रं आली, तरी तुम्ही गज सोडला नाहीत.

काल रात्रीपासून फोटो येतायत. एक मोठा थोरला घुमट आहे, विटांचा, त्यात आतून चारशेच्या वर पायऱ्या. मुली वर जाऊन शहराचे फोटो काढत होत्या. आमची बाई घुमटाच्या दोन भिंतींमधल्या अरुंद जिन्यात थांबून विटा कशा तिरक्या रचल्यात त्याचे फोटो काढत होती. मागून येणारे लोक खोळंबले. अस्मा मॅडमनी खाली आल्यावर चांगलंच झापलं म्हणे. नदीवर एक पूल आहे, त्याच्यावर दोन्ही बाजूंना सोनारांची दुकानं, आपल्याकडे पुलावर मासे विकायला बसतात तशी. तिने त्या दुकानांचे फोटो पाठवले तेही मागून, नदीच्या अंगाने, जिथे लाकडी टेकू लावून खोल्या पाण्यावर बाहेर काढल्यात. मला दाखवून विचारते, 'अब्बा, हे पडत कसं नाही?'

पडत कसं नाही हा प्रश्न मला झेपत नाही.

आणि एक कबूल करून टाकतो, म्हणजे मोठं कबूल करायला जरा सराव होईल. पाट तुम्ही केलात हे अफशाँला ठाऊक नाही. पाच वर्षांची असताना तिने विचारलं, 'अब्बाने बनाया?' मी मान हलवली. लहान पोर, बाप नुकताच भेटलेला, तिच्या डोळ्यांत एवढं कौतुक होतं. पुढे कधीतरी सांगू म्हटलं. ते कधीतरी आलंच नाही. तिने कॉलेजच्या अर्जात लिहिलंय, माझ्या वडिलांनी केलेल्या पाटावर मी चित्र काढायला शिकले.

नदीम


मंगळवार, २५ नोव्हेंबर

पांडूदादा,

आज दुपारी जेवणाच्या सुट्टीत साईटवर बसून लिहितोय. हात धुतलेले नाहीत, कागदाला भुसा लागला तर माफ करा.

काल पोरींना एक पुतळा दाखवला, तरुण गडी, अंगावर दोरा नाही. फोटो बघून जुबेदाने फोन उलटा ठेवला आणि मग पाच मिनिटांनी हळूच पुन्हा उघडला. म्हणाली, हाताच्या शिरा बघ कशा केल्यात. आमच्या घरात कलेची आवड अशी वाढतेय. चटणीची बाटलीही उघडली गेली. खोलीत सगळ्यांनी नाकं धरली, मग एकीने चव घेतली आणि आता अस्मा मॅडमसकट सगळ्या पावाला लावून खातायत. अफशाँने लिहिलंय, 'अम्मीला थँक्स सांगा, शी इज फेमस इन इटली.'

पण मी हात न धुता लिहायला बसलो ते यासाठी नाही.

आज सकाळी त्यांना जुनी चित्रं दुरुस्त करतात तिथे नेलं होतं. पाचसहाशे वर्षांपूर्वीचं, लाकडी फळीवर काढलेलं चित्र टेबलावर पालथं ठेवलेलं. मुली वाट बघत होत्या की ते कधी उलटं करतात आणि कधी चित्र दिसतं. आमच्या पोरीने पाठीचाच फोटो काढायची परवानगी मागितली. तिथल्या दुरुस्ती करणाऱ्या बाईंना नवल वाटलं. त्या म्हणाल्या, बहुतेक फळ्यांची पाठ ओबडधोबडच सोडलेली असते, ही मात्र कोणीतरी जीव लावून रंधली आहे. रंध्याचे पट्टे अजून दिसतात. भेग जाऊ नये म्हणून मागून आडवी पट्टी बसवली आहे, तीही घासून. पोरीने विचारलं, सुतार कोण? त्या म्हणाल्या, चित्रकाराचं नाव पुस्तकांत आहे, सुताराचं कोणीच लिहून ठेवलं नाही.

फोटोखाली तिचा आवाज होता. "अब्बा, पीछे देखो ना. बिलकुल मेरे बोर्ड जैसा. तुमने जैसा बनाया, वैसाच."

पांडूदादा, मी तो आवाज तीनदा ऐकला. मग आमच्या टोळीतला श्रीपाद विचारायला लागला, फोरमनसाहेब, डोळ्यात भुसा गेला का? हो म्हटलं, गेला.

आता लिहितो.

त्या दिवशी तुम्हाला ताप होता. तुम्ही खोलीवर झोपला होतात. रोशानाच्या खालच्या पट्टीतल्या बारा जाळ्या मी एकट्याने बसवल्या. त्याच सकाळी जुबेदा आणि अफशाँच्या व्हिसाचा कागद तयार झाल्याचा फोन आला होता आणि ऑफिस दुपारी बंद होणार होतं. घाईत मी माप उलट्या अंगाने धरलं. चौकटीच्या खाचेत शिरणारं टोक बाराही जाळ्यांना बोटभर आखूड कापलं गेलं. बसवताना लक्षात आलं. नवीन कापायला दिवस लागला असता. मी भुसा आणि सरस कालवला, खाचांमध्ये भरला, जाळ्या दाबून बसवल्या, पुढून रंधा मारला आणि व्हिसा आणायला पळालो. पुढून इतकं सुबक दिसत होतं की दुसऱ्या दिवशी तुम्हीही शाबास म्हणालात.

तीन आठवड्यांनी एक जाळी पडली. कफील कारखान्यात येऊन ओरडला, मिस्त्री कोण? मिस्त्री तुम्ही होतात. तुम्ही काही बोलला नाहीत. मी माझ्या चपलांकडे बघत होतो. मी बोललो असतो तर मला घरी पाठवलं असतं आणि बायकोपोरीचा व्हिसा गेला असता. हे कारण खरं आहे, पण त्याने माझं वागणं बरोबर ठरत नाही.

उरलेल्या अकरा जाळ्या तशाच वर होत्या. त्यांना हात लावणं म्हणजे कबूल करणं, म्हणून लावला नाही. पण चौदा वर्षं मी त्या गल्लीतून वर जाळ्यांवर डोळा ठेवून चालतोय. अफशाँ लहान असताना तिला नेहमी पलीकडच्या गल्लीने न्यायचो, म्हणायचो इकडे मांजरं चावतात. एकही पडली नाही. दर शुक्रवारी नमाजात मी अल्लाचे आभार मानतो की त्या अकरा जाळ्या त्याने धरून ठेवल्या.

तुम्हाला पहिल्या ईदला अत्तर पाठवलं होतं, ते तुम्ही परत पाठवलंत. मी जुबेदाला सांगितलं, त्यांना वास सोसत नाही. मनात मात्र कळलं होतं की या माणसाला अत्तर नकोय. शब्द हवे होते, ते आज पाठवतोय. जाळी मी पाडली, पांडूदादा. तुमच्या हाताचा काही दोष नव्हता. तापातसुद्धा नव्हता.

हे तुम्हाला लिहिणं सोपं पडलं, कारण तुम्ही समुद्रापलीकडे आहात. इंजिनीयरबाई वरच्या मजल्यावर आहेत. कागद घडी करून जातो.

नदीम


शनिवार, २९ नोव्हेंबर

पांडूदादा,

सांगितलं.

तस्नीमबाईंनी पूर्ण ऐकून घेतलं. वयाने माझ्या पोरीपेक्षा दहा वर्षांनी मोठ्या असतील. मी म्हटलं, फोरमनचं काम काढून घ्यायचं तर घ्या, पण फाईलमध्ये नाव बदला. त्या बराच वेळ फाईलच्या कडेवर पेन आपटत होत्या. मग म्हणाल्या की काम काढायचं की नाही ते रोशान उतरवल्यावर ठरवू, अकरा जाळ्यांची अवस्था बघून. तोवर त्या गल्लीत खाली दोर बांधून रस्ता बंद करा. चौदा वर्षांत जे मला करता आलं नाही ते त्यांनी दोन मिनिटांत केलं. लाज वाटली आणि हायसंही वाटलं.

काल अफशाँ परत आली. गाडीतच तिला पाटाचं सांगितलं, बाकीचंही. ती पूर्ण रस्ता खिडकीबाहेर बघत होती. मला वाटलं गेली ही पोर हातातून. घरी आल्यावर बॅग तशीच टाकून तिने पाट काढला, उलटा केला, आणि मागच्या बाजूवरून हात फिरवत बसली. जुबेदा चहा घेऊन आली आणि तशीच परत गेली. मग अफशाँ मराठीत म्हणाली, अगदी जपून, एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखं, "अब्बा, या काकांचं नाव पण कोणी लिहिलं नाही. आपण लिहू."

तिने पाठीवर पेन्सिलने लिहिलंय. पांडुरंग मेस्त्री, संगमेश्वर. अक्षर वाकडंतिकडं आहे. कॉलेजात प्रवासाचा अहवाल द्यायचा आहे त्यातही तिने पालथ्या फळीचा फोटो आणि पाटाच्या पाठीचा फोटो शेजारी शेजारी लावलाय. माझ्याशी कालपासून जेवढ्यास तेवढं बोलतेय. ते बरोबरच आहे.

नदीम


शुक्रवार, १२ डिसेंबर

पांडूदादा,

जुनैद उद्या सकाळच्या विमानाने निघतोय. तो दारात बसून चहा पितोय आणि घड्याळ बघतोय, म्हणून घाईने लिहितो, पण घाईत आता काही कापणार नाही.

बुधवारी रोशान उतरवलं. खालची पट्टी मी स्वतः घेतली. पहिली जाळी सैल करायला गेलो, हलेना. सरस तर केव्हाच वाळून भुगा झालाय, मग हिला धरलंय कोणी? श्रीपाद म्हणाला, मागून काहीतरी ठोकलंय. जाळीच्या पाठीमागे चौकटीतून आरपार भोक पाडलेलं, आणि त्यात लाकडाची खुंटी. डोकं तासून चौकटीला सपाट केलेलं, वर रंधा फिरवलेला. बोट फिरवलं तर सांधा लागत नव्हता. दुसऱ्या जाळीला तेच. तिसऱ्या जाळीला तेच. मी मोजत गेलो. अकरा जाळ्या, अकरा खुंट्या.

रोशान सगळं सागाचं, तपकिरी. खुंट्या पिवळ्या. तस्नीमबाईंनी विचारलं, हे कुठलं लाकूड? असं इथे आम्ही बघितलेलं नाही.

मला माहीत होतं. फणस. जेद्दात फणसाचं लाकूड एकाच माणसाकडे होतं. एका खुंटीच्या अंगावर इंचाची बारीक खूण अजून दिसते.

तुमचा गज, पांडूदादा. तुमच्या वडिलांचा.

जाळी पडल्यावर फायनल एक्झिटचे कागद होईपर्यंत तुम्ही तीन दिवस एकटेच त्या घरात जात होतात. कोणाशी बोलत नव्हतात. मला वाटलं रुसून, हत्यारं गोळा करायला जाताय. विमानतळावर तुमच्या पिशवीत गज दिसला नाही तेव्हा मला वाटलं, रागाने फेकून दिला. म्हणजे तुम्ही पडलेली जाळी उचललीत तेव्हाच आखूड टोक बघितलं होतंत. कफील ओरडला तेव्हा तुम्हाला सगळं ठाऊक होतं. ठाऊक असून गप्प राहिलात, आणि वर माझ्या अकरा चुका मागून ठोकून पक्क्या करून गेलात, माझ्या पोरीच्या डोक्यावर पडू नयेत म्हणून. मग तिला पाटही करून ठेवलात. नाहीतर तीन दिवसांत तुम्हाला दुसरं काय काम होतं?

आणि मी चौदा वर्षं दर शुक्रवारी वरच्याचे आभार मानत राहिलो. ते मानायचेच, पुढेही मानीन. पण त्याने कोणाचा हात लावला होता ते आता कळलं.

मी तिथेच बसून रडलो. टोळीसमोर. तस्नीमबाई पाण्याची बाटली शेजारी ठेवून गेल्या. काल त्यांनी सांगितलं की खुंट्या बदलायच्या नाहीत, रोशान परत चढवताना तशाच ठेवायच्या. घराच्या नोंदीत आता असं आहे: खालची पट्टी, चुकीचं काम नदीम, दुरुस्ती पांडुरंग मेस्त्री. माझं काम राहिलं. नवीन टोकं जोडून द्यायची ती माझ्याच हाताने, आणि त्यांच्याकडून दोन्ही बाजूंनी तपासून घ्यायची.

अफशाँ खाली त्या गल्लीत उभी राहून वर बघत होती. चौदा वर्षांत पहिल्यांदा मी तिला तिथे उभं राहू दिलं.

तुमचे आभार कसे मानायचे ते मला कळत नाही. माझी बायको माझ्याजवळ आहे, पोर मोठी झाली, इटली बघून आली, मागची बाजू बघायला शिकली. यातलं काहीही मी पुढे ओढलं की मागून तुमची खुंटी निघते. आभार शब्दाने हे फिटायचं नाही, पण निदान तो शब्द परत पाठवू नका.

रजा मंजूर झाली आहे. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मी आणि अफशाँ गावी येतोय. संगमेश्वरला उतरून आधी तुमच्याकडे, मग माझ्या घरी. दार उघडायचं की नाही ते तुम्ही ठरवा. उघडलंत तर आनंदीवहिनींच्या हातचा चहा घेईन, नाही उघडलंत तर अंगणात बसेन, अंगणाला दार नाही.

अत्तर आणत नाही. फक्त तुमच्या परसातल्या फणसाची एखादी वाळलेली फांदी असेल तर दोन फुटांचा तुकडा बाजूला काढून ठेवा. नवा गज मी तुमच्यासमोर बसून करणार आहे. तासायचा मी, रंधायचा मी, पुढूनही आणि मागूनही. खुणा मात्र तुम्ही आखा. मापाच्या बाबतीत माझ्यावर अजून माझाच विश्वास नाही.

तुमचा
नदीम